एकट्याने लांब उडणाऱ्या वैमानिकाचं आयुष्य: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये मी विमानांविषयी बोलायला जाते. मी मूळची चोपडा तालुक्यातली, केळी लावणाऱ्या घरातली. उड्डाण धुळ्याला शिकले आणि खासगी वैमानिकाचा परवाना काढला. महासागर मी ओलांडलेला नाही, पण ज्यांनी ओलांडला त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आले आहे. कार्यक्रम संपला की मुलं, त्यांच्या आया, कधी शिक्षक चिठ्ठ्या हातात देतात आणि पुढे फोनवर निरोप येत राहतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

1. ‘सोलो’ म्हणजे नेमकं काय? मागे कुणी झोपलेलं असलं तर चालतं का?

नाही. विमानात तुमच्याशिवाय दुसरं माणूसच नसेल तर ते सोलो. मागे झोपलेला प्रवासी असला तरी ते सोलो राहत नाही. म्हणून अमेलिया इअरहार्टची दोन उड्डाणं वेगळी धरायला हवीत. मे 1932 मध्ये ती न्यूफाउंडलंडहून निघून अटलांटिक ओलांडून उत्तर आयर्लंडमध्ये उतरली, ते सोलो होतं. 1937 च्या पृथ्वीप्रदक्षिणेत फ्रेड नूनन हा दिशादर्शक तिच्यासोबत होता आणि 2 जुलैला पॅसिफिकमध्ये दोघंही बेपत्ता झाले. शाळेच्या भित्तिपत्रकांवर ही दोन उड्डाणं हमखास एकत्र होतात, कृपया दुरुस्त करा.

2. अटलांटिक पहिल्यांदा लिंडबर्गनेच ओलांडला ना?

एकट्याने, होय. 20 मे 1927 ला चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. पण न थांबता अटलांटिक त्याच्या आठ वर्षं आधी, 1919 मध्ये, अल्कॉक आणि ब्राउन या जोडीने ओलांडला होता. लिंडबर्गने विमानात सतराशे लिटरच्या आसपास पेट्रोल भरलं होतं. मुख्य टाकी त्याच्या अगदी समोर होती, त्यामुळे पुढचं पाहायला काच नव्हती. बाजूच्या खिडक्या आणि एक छोटा पेरिस्कोप, एवढ्यावर भागवायचं. रेडिओ नव्हता, पॅराशूटही नव्हतं. एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा विली पोस्टची, जुलै 1933 मध्ये, पावणेआठ दिवसांच्या आसपास. पोस्टला एकच डोळा होता.

3. आपल्या देशातलं कुणी आहे का, की सगळे गोरेच?

आहेत, आणि त्यांची गोष्ट पाठ्यपुस्तकात असायला हवी असं मला मनापासून वाटतं. 1929 च्या अखेरीस आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी 500 पौंडांचं बक्षीस लावलं. 1930 मध्ये तिघे उतरले: मनमोहन सिंग, जेआरडी टाटा आणि अस्पी इंजिनिअर. अस्पी तेव्हा अवघा 17 वर्षांचा होता. तो इंग्लंडहून कराचीकडे येत होता आणि जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे चालले होते. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्याला दिला. प्रतिस्पर्ध्याला! बक्षीस अस्पीने जिंकलं. पुढे हाच मुलगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. मनमोहन सिंगही पोहोचले होते, पण ठरलेल्या मुदतीत बसले नाहीत.

अलीकडची नावं हवी असतील तर विजयपत सिंघानिया 1988 मध्ये मायक्रोलाइटमधून, म्हणजे अगदी हलक्या, छोट्या विमानातून, लंडनहून अहमदाबादला 23 दिवसांत आले. आणि मुंबईची आरोही पंडित मे 2019 मध्ये ‘माही’ नावाच्या चिमुकल्या विमानातून स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडात पोहोचली. अशा हलक्या स्पोर्ट विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती पहिली स्त्री.

4. खान्देशात विमान चालवायला शिकता येतं का?

येतं. धुळ्याजवळ गोंदूरचा विमानतळ आहे. 1928 साली जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण तिथे चालतं. शिरपूरच्या धावपट्टीवर आणि जळगाव विमानतळावरही प्रशिक्षणाची विमानं उडतात. मुंबईच्या आभाळात शिकाऊ विमानाला जागा कुठली? इथे पावसाळा सोडला तर आभाळ मोकळं असतं आणि मोठ्या विमानांची गर्दी नसते.

5. वय किती लागतं? बारावी सायन्सच पाहिजे का? चष्मा असला तर?

शिकाऊ परवाना 16 व्या वर्षी मिळतो, खासगी परवाना 17 व्या आणि व्यावसायिक 18 व्या वर्षी. स्वतःच्या हौसेसाठी उडायचं तर दहावी पुरते. व्यावसायिक परवान्याला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. नियम बदलू शकतात, म्हणून अर्जाआधी डीजीसीएचं, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी विमान खात्याचं, संकेतस्थळ पाहून घ्या. खासगी परवान्याला किमान 40 तासांचं उड्डाण लागतं, व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं. व्यावसायिकमध्ये एक उड्डाण 300 नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण 555 किलोमीटरचं, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून करावं लागतं.

चष्म्याने अडत नाही. रंगांधळेपणाने मात्र अडू शकतं, आणि तो असणाऱ्याला बहुतेकदा ठाऊकच नसतो.

6. मन्हा पोऱ्याले पायलट व्हनं शे. कितला पैसा लागतीन?

भाऊ, व्यावसायिक परवान्याचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो, कधी त्याहून पुढे. हौसेच्या परवान्याला तास कमी लागतात म्हणून खर्चही बराच कमी. जमिनीचा कागद हलवण्याआधी एक करा: पोराची वैद्यकीय तपासणी करून घ्या. ती पार पडली की मगच पैशाचं बोलणं.

दुसरं. माझ्या ओळखीच्या एका घराने एका संस्थेत सगळी फी आगाऊ भरली. उडण्यालायक विमानं कमी, शिकवणारे कमी, पोरगं महिनोन्‌महिने नुसतं वर्गात बसलं. त्या बापाने केळीच्या दोन हंगामांचे पैसे घातले होते. तेव्हा प्रवेशाआधी तिथे सकाळी सहाला जाऊन उभे राहा. किती विमानं खरोखर उडतायत ते मोजा आणि आधीच्या तुकडीतल्या मुलांना गाठून किती महिन्यांत किती तास झाले ते विचारा. फी टप्प्याटप्प्याने भरता येत नसेल तर मी तरी तिथे पाठवणार नाही.

7. पहिल्यांदा एकटं उडताना काय वाटतं?

माझ्या इन्स्ट्रक्टरने त्या दिवशी तीन लँडिंग करून घेतली. मग धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगितलं, उजवीकडचं दार उघडलं आणि उतरले. जाण्याआधी त्यांनी रिकाम्या सीटचा पट्टा बकलमध्ये अडकवून घट्ट ओढला, सुटा पट्टा कंट्रोलमध्ये अडकू नये म्हणून. रिकाम्या सीटवर आवळून बसलेला तो पट्टा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

उडाल्यावर पहिली गोष्ट कळते ती वजनाची. एक माणूस कमी झाल्यामुळे विमान लवकर उचलतं, झरझर चढतं आणि उतरताना खाली यायला कुरकुरतं. मला आधी सांगितलं होतं, तरी हाताला ते नवीनच होतं. भीती वाटली का असं सगळे विचारतात. त्या सहा-सात मिनिटांत भीतीला वेळ नव्हता. मी चेकलिस्ट मोठ्याने म्हणत होते, ऐकायला कुणी नसताना. ती सवय मी आजही मोडलेली नाही आणि लांबच्या उड्डाणावर जाणाऱ्या प्रत्येकाला लावून घ्यायला सांगते. डोक्यातल्या डोक्यात म्हटलेली ओळ गळते, तोंडाने म्हटलेली सहसा गळत नाही.

8. मे महिन्यात दुपारी शिकाऊ विमानं का दिसत नाहीत?

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, पुढचा फिरता पंखा हवेला नीट पकडत नाही आणि पंखांना उचल कमी मिळते. धुळे समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे. पण पारा 44 वर गेला की विमानाच्या लेखी आपण तेराशे-चौदाशे मीटरवर असतो, म्हणजे तोरणमाळच्याही वर! धावपट्टी तेवढीच, विमान तेच, पण उचलायला लागणारी धाव खूप वाढते आणि चढण मंदावते. त्यात दुपारच्या झोताने विमान उसळ्या मारतं. म्हणून उन्हाळ्यात आमचं काम उजाडताच सुरू होतं आणि ऊन चढलं की विमानं जागेवर बांधली जातात.

लांब पल्ल्याच्या एकट्या वैमानिकाला हे दुप्पट भोवतं, कारण त्याचं विमान पेट्रोलने ठासून भरलेलं असतं. उड्डाणाचा सगळ्यात धोक्याचा क्षण समुद्राच्या मध्यावर असेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा पहिल्या मिनिटात असतो.

9. जीपीएस आहे, मग नकाशा कशाला शिकवता?

कारण जीपीएस बंद पडतं आणि डोळा खोटं बोलतो. दुसरं मला स्वतःला घडलंय.

एप्रिल महिना, सकाळ, धुळ्याहून जळगाव. हवेत धुळीचा पडदा. हिशेबाप्रमाणे तेरा मिनिटांच्या आसपास बोरी नदी लागणार होती आणि सव्वीसच्या आसपास गिरणा. खाली कोरडं पात्र दिसलं, वाळू चमकत होती, आणि माझं मन एकदम म्हणालं, आली गिरणा. मी जळगावसाठी खाली यायच्या तयारीलाही लागले. हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, असताना मांडीवर बांधलेल्या कागदाकडे नजर गेली. निघाल्याला चौदा मिनिटं झाली होती. चौदा मिनिटांत गिरणा येऊच शकत नाही. पुन्हा खाली पाहिलं तर बांभोरीचा महामार्गावरचा पूल कुठेच नव्हता आणि एका बाजूला पारोळ्याच्या भुईकोटाचा चौकोन होता. ती बोरी होती.

धुळे-जळगाव एवढ्याशा पल्ल्यात ही चूक स्वस्तात सुटली. निर्जन किनाऱ्यावर किंवा बेटांच्या माळेवर ती जीव घेते. एकट्या वैमानिकाला ‘अगं, ही बोरी आहे’ म्हणणारं शेजारी कुणी नसतं. ते काम घड्याळ करतं. म्हणून मी मुलांना आधी घड्याळ, हेडिंग (विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे ते) आणि वेग यांवरून जागा काढायला शिकवते. लळिंगचा किल्ला, सोनगीर, सावळद्याचा तापीवरचा पूल, सुरत-भुसावळ रेल्वे या खुणा त्यानंतर.

10. समुद्रावर निम्म्याच्या पुढे गेलं की परत फिरता येत नाही, खरं का?

‘निम्मं’ हा शब्द इथे फसवतो. वाऱ्यावर अवलंबून आहे. समजा, तुमच्याकडे दहा तासांचं पेट्रोल आहे, राखीव बाजूला ठेवून. विमानाचा वेग ताशी 200 किलोमीटर. वारा नसेल तर पाच तास जाऊन परत येता येतं. आता पाठीमागून ताशी 40 चा वारा धरा. जाताना वेग 240, पण परतताना 160. हिशेब केला तर परतीची शेवटची घडी चौथ्या तासाला येते, पाचव्या नव्हे. चार तासांत 960 किलोमीटर गेलात, तेच परत यायला सहा तास. म्हणजे पाठीवरचा वारा, जो जाताना सोबती वाटतो, तो परतीचं दार एक तास आधी बंद करतो.

ही घडी निघण्यापूर्वी कागदावर लिहायची. दमलेल्या डोक्याने हवेत ठरवायची नाही. माझ्या मते लांब उडणाऱ्याचं खरं धैर्य इथे दिसतं. निघताना हारतुरे असतात, कॅमेरे असतात, पैसे घातलेले लोक असतात. आणि तिकडे पुढे ढग दाटलेले असताना, घड्याळात ती घडी आलेली असताना, एकट्याने विमान वळवायचं असतं. परतलेल्यांची नावं कुठल्या यादीत येत नाहीत. मी स्वतः दोनदा परत फिरले आहे आणि दोन्ही तारखा माझ्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, लाल शाईने आहेत.

11. इतके तास झोपेचं काय करतात?

लिंडबर्ग आदल्या रात्रीही झोपला नव्हता. वाटेत पापण्या मिटायला लागल्या तेव्हा त्या बोटांनी उघडून धराव्या लागल्या आणि केबिनमध्ये माणसांच्या आकृत्या दिसल्याचं त्याने पुढे सांगितलं. विली पोस्ट बोटाला दोरीने पाना बांधून हातात धरायचा. डुलकी लागली की पाना निसटायचा आणि बोटाला हिसका बसून जाग यायची.

आजचं सगळ्यात मोठं उदाहरण आंद्रे बोर्शबर्गचं. सौर ऊर्जेवर चालणारं सोलर इम्पल्स 2, जे मार्च 2015 मध्ये अहमदाबादला आलं होतं, ते घेऊन तो त्याच वर्षी जपानमधल्या नागोयाहून हवाई बेटांवर गेला. 117 तास 52 मिनिटं, एकटा. ऑटोपायलट (विमान आपोआप सांभाळणारं यंत्र) लावून वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या काढत. टप्प्याटप्प्याने जाणारे मात्र सरळ मुक्काम करतात आणि ते शहाणपणाचंच आहे.

12. आणि जेवण, लघवी?

कोरडं, वास न येणारं, एका हाताने खाता येणारं. लिंडबर्गकडे पाच सँडविच होती. आमच्याकडच्या माणसाला मी दशमी आणि गूळ-शेंगदाणे सुचवेन. भरीत-भाकरी उतरल्यावर. लघवीसाठी आत जेल असलेल्या पिशव्या मिळतात, बायकांसाठीही. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेणं हा उपाय नव्हे. उन्हात चक्कर येते आणि हिशेब चुकतात.

13. इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं पडतं का?

नाही, ते तरंगत खाली येतं. सेसना 172 सारखं छोटं विमान साधारण एक किलोमीटर उंची खर्चून नऊ किलोमीटर पुढे जातं. त्या वेळात जागा निवडायची. आपल्या भागात केळीची बाग किंवा ऊस कधीच नाही. कापणी झालेलं गव्हाचं किंवा बाजरीचं रान बरं. सऱ्यांना आडवं नाही, सऱ्यांच्या दिशेने उतरायचं. विजेचे खांब आधी शोधायचे, कारण तारा शेवटपर्यंत दिसत नाहीत.

समुद्रावर फुगवायची होडी, थंड पाण्यात अंग राखणारा सूट आणि 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारं बीकन लागतं. सूट आधीच अंगात हवा. पाण्यात पडल्यावर तो घालता येत नाही.

14. पण इंजिन बंद पडतंच कशाने? आणि एवढ्या गरम प्रदेशात बर्फ कसा?

पेट्रोल संपणं हे सगळ्यात साधं आणि लाजिरवाणं कारण. बर्फाचा प्रश्न मात्र हुशार मुलांनाही चकवतो. जुन्या धाटणीच्या इंजिनात कार्बुरेटर असतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा जाते आणि पेट्रोलची वाफ होते तेव्हा तापमान एकदम वीस-पंचवीस अंशांनी खाली येतं. जुलैच्या दमट सकाळी बाहेर 24 अंश असले तरी आत बर्फ धरू शकतो. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरायला लागतात. उपाय म्हणजे गरम हवेची कळ ओढायची. ती ओढल्यावर वितळलेलं पाणी आत जातं आणि इंजिन आधी जास्तच खोकतं. नवखा घाबरून कळ परत ढकलतो. तसं करू नका, धीर धरून ओढलेली ठेवा.

बेरिल मार्कहॅम सप्टेंबर 1936 मध्ये इंग्लंडहून अटलांटिक उलट्या दिशेने, म्हणजे समोरच्या वाऱ्याला तोंड देत, एकटीने ओलांडत होती. किनाऱ्याजवळ पोहोचल्यावर इंजिनला पेट्रोल मिळेना. टाकीच्या हवेच्या वाटेवर बर्फ साचला होता. नोव्हा स्कोशियाच्या दलदलीत विमान नाकावर उभं राहिलं, ती मात्र वाचली.

15. परवाना असला की धुळ्याहून थेट लंडनला निघता येईल का? आमच्या शेतात उतरता येईल का?

दोन्हींचं उत्तर ‘असं सहज नाही’. भारतात फ्लाइट प्लॅन, म्हणजे कुठून कुठे आणि केव्हा उडणार याचा आराखडा, भरावा लागतो आणि हवाई संरक्षणाची मंजुरी घ्यावी लागते. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्याला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी आभाळ बंद होतं. पुढे प्रत्येक देशाची वेगळी परवानगी, कस्टम्स, विमा. शिवाय छोट्या विमानांना लागणारं पेट्रोल प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांचे महिनेच्या महिने या कागदांत जातात. शेतात उतरणं फक्त आणीबाणीत (प्रश्न 13 पाहा).

16. ऑटोपायलट वापरला, वाटेत थांबलं, तर विक्रम धरतात का?

धरतात, गट वेगळे असतात. विली पोस्टकडेही ऑटोपायलट होता आणि तो थांबत थांबत गेला. न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा 2005 मध्ये स्टीव्ह फॉसेटने केली, 67 तासांत. प्रदक्षिणा म्हणवण्यासाठी एफएआय या जागतिक संस्थेचा निकष कर्कवृत्ताच्या लांबीइतका, म्हणजे 36,787 किलोमीटरहून थोडा जास्त आहे. उत्तर ध्रुवाभोवती छोटा फेरा मारून ‘जग फिरलो’ म्हणता येत नाही.

17. मुलीला पाठवावं का? एकटी कशी राहील?

हा प्रश्न आया मला बाजूला घेऊन विचारतात, म्हणून इथे उघड उत्तर देते. पाठवा.

एमी जॉन्सनने 1930 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत उडताना जुनं, दुसऱ्याने वापरलेलं विमान घेतलं होतं. तिच्या गाठीला शंभरच्या आतबाहेर तास होते. पण इंजिन दुरुस्तीचा परवानाही तिने काढला होता, आणि हेच तिचं बळ होतं. वाटेत पेट्रोल संपत आल्यावर ती आपल्या झाशीला परेड ग्राउंडवर उतरली.

जेरी मॉक ही तीन मुलांची आई. 1964 मध्ये सेसना 180 घेऊन निघाली आणि साडेएकोणतीस दिवसांत जग फिरून आली, एकटीने प्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री. दिल्ली आणि कोलकाता तिच्या वाटेवर होती. आफ्रिकेच्या वाळवंटावर अँटेनाची मोटर जळायला लागली आणि वास आला. जादा पेट्रोलच्या टाक्या तिच्या पाठीशीच होत्या. स्विच कोणता ते तिने शोधलं, बंद केला आणि पुढे गेली. सौदी अरेबियात उतरली तेव्हा जमलेल्या लोकांनी विमानात डोकावून पुरुष कुठे आहे ते पाहिलं. नाही म्हटल्यावर टाळ्या वाजवल्या.

आणि जळगाव जिल्ह्याच्या लेकीने, प्रतिभाताई पाटलांनी, राष्ट्रपती असताना 2009 मध्ये 74 व्या वर्षी पुण्याहून सुखोईत बसून उड्डाण केलं. ते सोलो नव्हतं, पण आमच्या शाळांमध्ये हे सांगितलं की मागच्या बाकांवरच्या मुली ताठ बसतात.

18. घरच्यांनी काळजी किती करायची? फोन आला नाही तर काय समजायचं?

फोन न येणं म्हणजे अपघात नव्हे, पण यंत्रणा वाट पाहत बसत नाही. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात विमानाची खबर नसेल तर चौकशीचा पहिला टप्पा सुरू होतो. म्हणून उतरल्यावर फ्लाइट प्लॅन बंद करणं हे वैमानिकाचं कर्तव्य. ते विसरलं तर कुठेतरी माणसं विनाकारण शोधाला लागतात. मी इंजिन बंद केल्यावर आधी तो कळवते, मग चोपड्याला घरी.

19. मुलांना विमान जवळून कुठे दाखवता येईल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते दहा, गोंदूरच्या रस्त्याला कुंपणाबाहेर उभे राहा. शिकाऊ विमान एकच चौकोन फिरत पुन्हा पुन्हा उतरतं आणि चढतं. त्याला सर्किट म्हणतात. नीट पाहिलंत तर उजवी सीट रिकामी असलेलं एखादं दिसेल. संक्रांतीच्या दिवसांत पतंग आणि कुठल्याही दिवशी ड्रोन घेऊन मात्र तिकडे जाऊ नका. खरकटं आणि खाऊच्या पिशव्याही टाकू नका, त्याने पक्षी जमतात आणि धावपट्टीवर पक्षी म्हणजे आमच्यासाठी मोठा धोका.